बलसंवर्धक व्यायाम आणि आरोग्य : वार्धक्यातील स्वावलंबनाच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : बलसंवर्धक व्यायाम, स्नायुबळ, स्नायुक्षय, अस्थिघनता, मधुमेह, वार्धक्य, स्वावलंबन

प्रास्ताविक :

आरोग्यासाठी व्यायाम आवश्यक आहे, हे आज कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु व्यायाम म्हटले की सकाळचे फिरणे, योगासने किंवा प्राणायाम एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. वजन उचलणे, जोर-बैठका काढणे किंवा एखाद्या अवरोधाविरुद्ध स्नायूंना काम करावयास लावणे हा पहिलवानांचा, खेळाडूंचा अथवा पिळदार शरीराची हौस असलेल्या तरुणांचा विषय मानला जातो. साठी ओलांडलेल्या गृहस्थाला फिरावयास जाण्याचा सल्ला मिळतो आणि तो नियमाने फिरतोही. परंतु पंगतीत मांडी घालून बसल्यावर उठताना त्याला शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. फिरण्याने त्याच्या हृदयाला व फुप्फुसांना लाभ झालेला असतो. मात्र जमिनीवरून शरीर वर उचलण्याचे बळ मांड्यांच्या व नितंबांच्या स्नायूंत असावे लागते आणि केवळ फिरण्याने ते पुरेसे टिकत नाही.

प्रस्तुत लेखात बलसंवर्धक व्यायामाची संकल्पना, त्याची पार्श्वभूमी, त्यामुळे शरीरात घडणारे बदल, आरोग्यावर होणारे परिणाम आणि तो करण्याची पद्धत यांचे विवेचन केले आहे. स्नायुबळ हे वार्धक्यातील स्वावलंबनाचे भांडवल आहे; म्हणूनच ज्या स्त्रिया, वृद्ध व रुग्ण यांना या व्यायामापासून आजवर दूर ठेवले गेले, त्यांनाच त्याची सर्वाधिक गरज आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

संकल्पना :

स्नायूंना नेहमीपेक्षा अधिक भाराविरुद्ध आकुंचन पावावयास लावणे आणि सवय होईल तसतसा तो भार क्रमाक्रमाने वाढवीत नेणे, यास बलसंवर्धक व्यायाम असे म्हणता येईल. हा भार डंबेल्स किंवा बारबेलचा असू शकतो, ताणल्या जाणाऱ्या रबरी पट्ट्याचा असू शकतो, पाण्याने भरलेल्या कळशीचा असू शकतो किंवा स्वतःच्या शरीराचाही असू शकतो. साधन कोणते यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे स्नायूला खरोखर कष्ट पडले पाहिजेत. दुसरी म्हणजे कष्टाचे प्रमाण काळानुसार वाढले पाहिजे. यालाच क्रमवर्धी भाराचे तत्त्व म्हणतात.

या ठिकाणी स्नायूंचे बळ आणि स्नायूंची चिकाटी यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. एखादे ओझे एकदा उचलण्याची क्षमता म्हणजे बळ, तर हलके काम दीर्घकाळ करीत राहण्याची क्षमता म्हणजे चिकाटी होय. दहा बैठका काढताना दमणारा मनुष्य सरावाने शंभर बैठका काढू लागतो, तेव्हा आरंभी त्याचे बळ वाढलेले असते. परंतु पुढे भार तोच राहून केवळ संख्या वाढत गेल्यास मुख्यतः चिकाटी वाढते. दोन्ही गोष्टी उपयुक्तच आहेत. तथापि बळ वाढवावयाचे असेल तर भार वाढविण्यास पर्याय नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

क्रमवर्धी भाराचे तत्त्व सांगताना प्राचीन ग्रीक मल्ल मायलो याची आख्यायिका पाश्चात्त्य ग्रंथांत नेहमी दिली जाते. तो रोज एक वासरू खांद्यावर उचलून नेत असे आणि वासराचा बैल होईपर्यंत त्याचे बळही त्याच प्रमाणात वाढत गेले, असे सांगतात. आख्यायिकेचा ऐतिहासिक खरेपणा बाजूला ठेवला, तरी तिच्यातील तत्त्व अचूक आहे.

महाराष्ट्रालाही बलोपासनेची दीर्घ परंपरा आहे. गावोगावची हनुमानाची मंदिरे, त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या तालमी, बाळंभट्टदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला दिलेला आश्रय, १९१४ साली स्थापन झालेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा उचलून धरण्याची चढाओढ आजही होते. तालमीतील जोर, बैठका, करेला, गदा व दगडी नाल ही सर्व बलसंवर्धनाचीच साधने आहेत. हलक्या करेल्याकडून जड करेल्याकडे जाण्याची पद्धत म्हणजे क्रमवर्धी भाराचा प्रत्यक्ष वापरच होता. मात्र या परंपरेची एक मर्यादाही मान्य करावी लागते. तालीम ही मुख्यतः तरुण पुरुषांची जागा राहिली. स्त्रियांना तिच्यात सहसा प्रवेश नव्हता आणि वय झालेला पहिलवान तेथे वस्ताद म्हणून बसत असला, तरी सामान्य वृद्धासाठी तेथे काही योजना नव्हती.

बलसंवर्धक व्यायामाचा वैद्यकाशी पद्धतशीर संबंध जोडण्याचे श्रेय प्रामुख्याने थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे व मांड्या दीर्घकाळ प्लॅस्टरमध्ये राहिल्याने अशक्त होत असत. त्या काळी अशा रुग्णांना हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करावयास लावण्याची पद्धत होती. डीलॉर्म यांनी त्याऐवजी जड वजन थोड्या वेळा उचलावयास लावले आणि १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण दहा वेळा उचलू शकेल असे कमाल वजन ठरवून, त्याच्या निम्म्या, पाऊणपट व पूर्ण वजनाने प्रत्येकी दहा आवर्तने करण्याची त्यांची नंतरची पद्धत आजच्या अनेक कार्यक्रमांचा पाया आहे. म्हणजे या व्यायामाच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ स्पर्धेच्या आखाड्याप्रमाणेच रुग्णालयातही झाला आहे.

स्नायू बळकट होण्याची प्रक्रिया :

बलसंवर्धक व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मनुष्याला अधिक वजन उचलता येऊ लागते. परंतु त्या काळात स्नायूंच्या आकारात फारसा फरक दिसत नाही. याचे कारण असे की, आरंभीची सुधारणा मुख्यतः चेतासंस्थेत होते. मेंदूकडून निघणारे संदेश अधिक स्नायुतंतूंपर्यंत पोहोचतात, ते तंतू एकाच वेळी व अधिक वेगाने कार्यरत होतात आणि विरुद्ध बाजूचे स्नायू अनावश्यक अडथळा करीनासे होतात. त्यानंतरच्या आठवड्यांत व महिन्यांत स्नायुतंतूंमध्ये नवीन प्रथिने तयार होऊन ते जाड होऊ लागतात. ही वाढ व्यायाम चालू असताना न होता त्यानंतरच्या विश्रांतीच्या काळात होते. म्हणून योग्य आहार, पुरेशी झोप आणि दोन सत्रांमधील अंतर हेही या व्यायामाचेच भाग समजले पाहिजेत.

हाडांच्या बाबतीतही असेच घडते. हाडे आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार आपली रचना बदलतात, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद ज्युलिअस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो हाडाला ओढतो. हा ताण पुरेसा मोठा असेल तर हाडातील पेशींना नवे हाड तयार करण्याची प्रेरणा मिळते. उलटपक्षी, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडे व स्नायू दोन्ही झपाट्याने झिजतात.

आरोग्यावरील परिणाम :

१) वयोमानानुसार होणाऱ्या स्नायुक्षयास प्रतिबंध :

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारणतः ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर या घटीचा वेग वाढतो. बळ तर वस्तुमानापेक्षाही अधिक वेगाने कमी होते. या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचविले. पुढे २०१६ साली अमेरिकेतील रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजेच ‘वय झाले, आता असे चालायचेच’ असे म्हणून ज्या अशक्तपणाकडे दुर्लक्ष केले जात असे, तो निदान व उपचार करता येण्याजोगा विकार आहे, हे वैद्यकाने मान्य केले.

या उपचाराचा परिणाम किती उशिरापर्यंत मिळू शकतो, याचे उत्तर मारिया फियातारोन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून मिळाले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बोस्टन येथील एका शुश्रूषागृहातील सरासरी ९० वर्षे वयाच्या १० वृद्धांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड भाराचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, मांडीच्या स्नायूंचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले आणि दोघांनी काठी वापरणे सोडून दिले. मात्र व्यायाम थांबविल्यावर चार आठवड्यांतच बळात ३२ टक्क्यांची घट झाली. हा लहान अभ्यास होता. म्हणून १९९४ साली त्यांनी सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. त्यातही व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबळ ११३ टक्क्यांनी वाढले, चालण्याचा वेग वाढला आणि जिना चढण्याची शक्ती सुधारली. व्यायामाविना केवळ पूरक आहार घेणाऱ्यांच्या अशक्तपणात मात्र फरक पडला नाही. नव्वदीतही स्नायू प्रतिसाद देतात आणि दुर्लक्ष झाल्यास तो लाभ लवकर हातचा जातो, हे दोन्ही धडे या अभ्यासांतून मिळतात.

२) मधुमेहावरील नियंत्रण :

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक स्नायू असतो. इन्सुलिनच्या प्रभावाखाली शरीरात शोषल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के ग्लुकोज कंकालस्नायू घेतात. स्नायू कमी असतील किंवा निष्क्रिय असतील, तर ही साखर साठविण्यास जागाच अपुरी पडते. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ग्लुकोज आत घेणारी ‘ग्लूट-४’ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ही क्रिया इन्सुलिनवर अवलंबून नसते. त्यामुळे ज्याच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी झाला आहे, अशा रुग्णालाही व्यायामाचा लाभ होतो.

भारताच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार २०२१ मध्ये भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख होती, तर सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासातून या प्रश्नाची एक बाजू पुढे आली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याची बालके लहान होती. परंतु त्यांच्यात स्नायूंची उणीव अधिक आणि त्वचेखालील चरबी मात्र तुलनेने टिकून होती. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ असा समान होता. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरात चरबी अधिक व स्नायू कमी असू शकतात, हे यावरून स्पष्ट होते. अशा व्यक्तीला केवळ ‘वजन कमी करा’ असे सांगणे अपुरे ठरते. तिने स्नायू वाढविणे आवश्यक असते.

३) अस्थिघनता व पडण्यापासून संरक्षण :

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होतात. त्यामुळे अशा स्त्रियांना जड उचलू नका, असाच सल्ला प्रायः दिला जातो. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अस्थिघनता कमी झालेल्या १०१ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाला प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जड वजनाचे व उड्यांचे व्यायाम आठ महिने दिले गेले. या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. येथे देखरेखीची अट विसरता कामा नये. परंतु ठिसूळ हाडांना भारापासून पूर्णतः दूर ठेवणे हा उपाय नव्हे, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

हाड मोडण्यामागे ठिसूळपणाबरोबरच पडणे हेही कारण असते. ओल्या न्हाणीघरात पाय घसरल्यावर तोल सावरावयाचा असेल, तर मांडी, पोटरी व घोट्याच्या स्नायूंना क्षणार्धात जोर लावता आला पाहिजे. खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध व्यक्ती अनेकदा पूर्वीप्रमाणे चालू-फिरू शकत नाही आणि संपूर्ण घराची घडी विस्कटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १०८ प्रयोगांच्या एकत्रित समीक्षेत व्यायामामुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. त्यात तोलाचे व दैनंदिन हालचालींचे व्यायाम विशेष उपयुक्त ठरले आणि त्यांना बलसंवर्धनाची जोड दिल्यास अधिक लाभ होण्याची शक्यता दिसली.

४) हृदयाचे आरोग्य व आयुर्मान :

हृदयरोग्यांनी वजन उचलू नये, अशी समजूत दीर्घकाळ होती. परंतु २००० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने योग्य निवड व देखरेख असल्यास स्थिर अवस्थेतील हृदयरुग्णांनाही हा व्यायाम उपयुक्त असल्याचे मत प्रसिद्ध केले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार व्यक्तींच्या अभ्यासात हाताच्या पकडीचे बळ मोजण्यात आले. पकड ५ किलोंनी कमी असल्यास मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला आणि मृत्यूचा अंदाज वर्तविण्यात पकडीचे बळ हे सिस्टॉलिक रक्तदाबापेक्षाही सरस ठरले. अर्थात, याचा अर्थ मूठ आवळण्याचा व्यायाम केल्याने आयुष्य वाढते असा नव्हे. पकड ही संपूर्ण शरीराच्या बळाची निदर्शक आहे, एवढेच यावरून म्हणता येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेनुसार बलसंवर्धक व्यायाम करणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यू, हृदयविकार, कर्करोग व मधुमेह यांचा धोका १० ते १७ टक्क्यांनी कमी आढळला आणि आठवड्यातून ३० ते ६० मिनिटांच्या व्यायामातच बहुतांश लाभ दिसून आला.

५) मानसिक स्वास्थ्य :

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ प्रयोगांच्या समीक्षेत, एकूण १,८७७ व्यक्तींच्या माहितीवरून, बलसंवर्धक व्यायामामुळे नैराश्याची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी होतात असा निष्कर्ष काढण्यात आला. उल्लेखनीय बाब अशी की, बळ किती वाढले यावर हा लाभ अवलंबून नव्हता. तीव्र नैराश्यात औषधोपचार व समुपदेशन यांना हा पर्याय नव्हे. परंतु पूरक म्हणून त्याचे स्थान निश्चित आहे. मागील आठवड्यात न पेललेली वस्तू या आठवड्यात उचलता आली, हा अनुभव कोणत्याही वयात आत्मविश्वास देणारा असतो.

जमिनीवरून उठण्याचे सामर्थ्य :

भारतीय जीवनपद्धतीत जमिनीला विशेष स्थान आहे. पंगत, पूजा, भजन, कीर्तन, नातवंडांशी खेळणे या सर्व गोष्टी जमिनीवर होतात. ज्या दिवशी आजोबांसाठी वेगळी खुर्ची मांडावी लागते, त्या दिवसापासून ते पंगतीतून थोडे बाजूला पडतात. ब्राझीलमधील क्लॉडिओ अरौजो व सहकाऱ्यांनी याच क्रियेची एक साधी चाचणी तयार केली. उभे असताना जमिनीवर बसण्यास ५ व उठण्यास ५ असे १० गुण दिले जातात. हात, गुडघा इत्यादींचा आधार घेतल्यास प्रत्येक आधारामागे एक गुण वजा होतो. ५१ ते ८० वयाच्या २,००२ व्यक्तींची ही चाचणी घेऊन पुढे काही वर्षे पाहणी केली असता, कमी गुण मिळविणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. उठण्याच्या क्रियेत बळ, तोल व लवचीकता तिन्हींची परीक्षा होत असल्याने ती आरोग्याची चांगली निदर्शक ठरते.

पूर्वीच्या घरांत बळाची काही कामे अटळ होती. जात्यावर दळणे, उखळात कांडणे, विहिरीचे पाणी शेंदणे यांतून स्त्रियांच्या हातांना व पाठीला भार मिळत असे. ती कामे कष्टाची होती आणि ती संपली हे योग्यच झाले. परंतु त्यांच्याबरोबर गेलेला भार अन्य मार्गाने परत मिळविण्याची योजना मात्र झाली नाही. आज शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या श्रमिकांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. त्यांच्या शरीरावर भार पडतो. पण तो ठरावीक स्नायूंवर, विश्रांतीविना व पुरेशा आहाराविना पडतो. म्हणून श्रम आणि व्यायाम यांना एकच मानता येत नाही.

व्यायामाची पद्धत :

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या व्यायामाबरोबरच किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांचा बलसंवर्धक व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल व बळ यांवर भर देणारे विविध व्यायाम किमान तीन दिवस करावेत, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे फिरणे सोडून वजने उचलणे असा हा पर्याय नसून दोहोंची सांगड घालणे अपेक्षित आहे.

नवशिक्या व्यक्तीने पुढील सहा हालचालींपासून आरंभ केल्यास शरीरातील बहुतेक मोठ्या स्नायूंना व्यायाम घडतो : (१) हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व सावकाश बसणे; (२) भिंतीला हात टेकून व नंतर कट्ट्याला टेकून जोर काढणे; (३) खिडकीच्या गजाला अडकविलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणे; (४) उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणे; (५) भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे; (६) दोन्ही हातांत समान वजनाच्या पिशव्या घेऊन चालणे. प्रत्येक हालचालीची ८ ते १२ आवर्तने करून थोडी विश्रांती घ्यावी व पुन्हा एक-दोन वेळा तो क्रम करावा. शेवटची दोन आवर्तने जड गेली पाहिजेत. ती सहज जमू लागली की भार वाढवावा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे घरातील बाटल्या व कळशी यांच्या साहाय्यानेही भार मोजून वाढविता येतो. त्याच स्नायुगटाच्या दोन सत्रांमध्ये साधारणतः ४८ तासांचे अंतर असावे. अनेक उद्यानांत खुल्या व्यायामशाळा उभारल्या गेल्या आहेत, ही स्वागतार्ह बाब आहे; मात्र तेथील बहुतेक साधनांमध्ये भार वाढविण्याची सोय नसल्याने ती आरंभापुरतीच उपयोगी पडतात.

आपली प्रगती पाहण्यासाठी खुर्चीवरून हाताच्या आधाराविना पाच वेळा उठण्या-बसण्यास किती सेकंद लागतात, ते मोजावे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार यास १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास शारीरिक क्षमता कमी झाल्याचे समजतात.

आहार व दक्षता :

स्नायूंच्या घडणीस प्रथिने आवश्यक असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना प्रतिकिलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅमची शिफारस करतात. केवळ भाकरी व पातळ आमटीतून ही गरज क्वचितच भागते. घट्ट वरण, उसळी, दूध, दही, शेंगदाणे, अंडी, मासे यांचा प्रत्येक जेवणात समावेश असावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. झटपट शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइड्स हृदय, यकृत व प्रजननसंस्था यांना घातक आहेत. त्यांचा या व्यायामाशी काहीही संबंध नाही.

व्यायाम करताना श्वास रोखून धरू नये, कारण त्यामुळे रक्तदाब एकदम वाढतो. भार उचलताना श्वास सोडावा व खाली आणताना घ्यावा. नियंत्रणात नसलेला रक्तदाब, छातीत दुखण्याचा त्रास, मधुमेहामुळे झालेला दृष्टिपटलाचा विकार, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी मोडलेले हाड असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याविना आरंभ करू नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी व्यायामानंतर साखर फार उतरत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. आरंभीच्या दिवसांत स्नायूंमध्ये येणारा ठणका एक-दोन दिवसांत ओसरतो. सांध्यातील तीव्र वेदना मात्र थांबण्याची सूचना समजावी.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, बलसंवर्धक व्यायामाचा लाभ स्नायूंपुरता मर्यादित न राहता हाडे, रक्तातील साखर, हृदय व मन यांपर्यंत पोहोचतो. वय, लिंग किंवा आजार यांमुळे कोणी त्याला सर्वथा अपात्र ठरत नाही. केवळ भाराचे प्रमाण व देखरेख बदलावी लागते. स्त्रिया ‘पुरुषी’ दिसू लागतील किंवा वृद्धांना इजा होईल, या भीतीपोटी त्यांना दूर ठेवल्याने होणारी हानी मोठी आहे.

महाराष्ट्रात तालमीची परंपरा आहे, शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये आहेत आणि जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात जिमखाना आहे. दुपारच्या वेळी रिकामा असणारा हा जिमखाना आठवड्यातून दोन दिवस परिसरातील ज्येष्ठ नागरिकांसाठी व गृहिणींसाठी खुला झाला आणि शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी तेथे मार्गदर्शन केले, तर फारशा खर्चाविना मोठे काम उभे राहू शकेल. त्यासाठी पूर्वीच्या वस्तादांची शिस्त आणि आजच्या शास्त्राचे माप दोन्ही लागतील. या कार्याचे यश उचललेल्या वजनात मोजावयाचे नसून, किती आजी-आजोबा कोणाचाही हात न धरता पंगतीतून उठतात, यात मोजावे लागेल.